गंधकाची बॅटरी आणि साबुदाण्याचं पाणी

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिथियम-सल्फर बॅटरीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. वजनाला हलकी, कोबाल्ट-निकेलची गरज नाही, गंधक हवा तेवढा. अडलंय ते ‘मधल्या पाण्यावर’, असं त्यात म्हटलं होतं. या ‘मधल्या पाण्या’वर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच देते आहे. इन्व्हर्टरवाल्यांनी महिनाभर कळ काढावी. एक आधीच सांगते: या बॅटरीच्या नादात मी अकरा वर्षं घालवली आहेत, त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

भुरीवर धुरळायला आणलेल्या गंधकाच्या गोण्या आमच्या शेडमध्ये पडून असतात. त्यात एवढी वीज मावते, तर घोडं अडतंय कुठं? पाण्यात म्हणता, तर पाणी बदला की! इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ही दर तीन-चार महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालतोच.
— द्राक्ष बागायतदार, निफाड

भाऊ, ‘पाणी’ हा शब्द मी सवयीने लिहिला आणि स्वतःच अडकले. या बॅटरीत खऱ्या पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही. लिथियमला पाणी लागलं की हायड्रोजन सुटतो. वापरलेल्या सेलमधल्या लिथियम सल्फाइडला हवेतली ओल लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि जास्त झाला तर विष. म्हणून आम्ही सेल बांधायचो ते आर्गॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत, पेटीच्या काचेतून आत गेलेल्या जाड रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून. मे महिन्यात पुण्यात वीज गेली की त्या हातमोज्यांत घामाचं तळं व्हायचं.

तर ‘पाणी’ म्हणजे इलेक्ट्रोलाइट. गंधकाच्या बॅटरीत ते बहुतेक वेळा दोन ईथरांचं निम्मं-निम्मं मिश्रण असतं, डायऑक्सोलेन आणि डायमेथॉक्सीईथेन. त्यात लिथियमचं एक मीठ विरघळवलेलं असतं. दिसायला पाण्यासारखंच. काम एकच: एका बाजूला लिथियम, दुसऱ्या बाजूला गंधक, आणि लिथियमचे आयन इकडून तिकडे पोचवायचे. साध्या लिथियम-आयन बॅटरीत हा द्रव पोस्टमनसारखा असतो, पत्र आणतो, पत्र नेतो, घरात शिरत नाही. गंधकाच्या बॅटरीत तो घरात शिरतो आणि घरच्यांना बाहेर काढतो.

ते असं. गंधकाचा रेणू म्हणजे आठ अणूंचं कडं. बॅटरी वापरात असताना लिथियम येऊन चिकटतं, कडं तुटतं, आठची साखळी होते. मग सहाची, चारची, दोनची, आणि शेवटी एका गंधकाला दोन लिथियम. शेवटचे दोन प्रकार घट्ट, न विरघळणारे. पण लांब साखळ्या, ज्यांना पॉलिसल्फाइड म्हणतात, त्या ईथरमध्ये मजेत विरघळतात. विरघळल्या की घरी कशाला थांबतील? मधला सच्छिद्र पडदा ओलांडून पलीकडे लिथियमपर्यंत जातात, तिथे तुटून आखूड होतात, परत येतात, चार्जिंगमध्ये पुन्हा लांब होतात, पुन्हा जातात. वीज या येरझाऱ्यांतच खर्च होते. आणि दर फेरीला थोडा गंधक पलीकडे लिथियमवर कायमचा जाऊन बसतो.

माझा पहिला सेल मी २०११ च्या पावसाळ्यात बांधला आणि संध्याकाळी चार्जिंगला लावून घरी गेले. सकाळी आले तर चार्जिंग चालूच. सेलच्या क्षमतेच्या तिप्पट वीज ओतून झाली होती आणि व्होल्टेज वर सरकायचं नाव नाही. मला वाटलं, मशीन बिघडलं. आमचे सर आले, आलेखाकडे बघून म्हणाले, “गळका रांजण भरते आहेस.” सेल उघडला. पांढरा पडदा हळदीत बुडवल्यासारखा पिवळा झाला होता.

मग विरघळूच न देणारा द्रव घ्यावा, असं तुम्ही म्हणाल. पण गंधक विजेचा अगदी वाईट वाहक आहे. ज्या कार्बनवर तो पसरलेला असतो त्याला चिकटलेला थर तेवढा कामाला येतो, आतला गठ्ठा कोरडा पडून राहतो. थोडा विरघळला तर आतला गंधक बाहेर येऊन कार्बनला भेटतो. म्हणजे विरघळणं हाच रोग आणि तेच औषध. आमच्या घरी आईने उपासाला साबुदाणा भिजवला की मला हीच बॅटरी आठवते. पाणी कमी पडलं तर दाणा आत टणक, जास्त झालं तर खिचडीचा गोळा. बोटाच्या पेराएवढं पाणी ठेवायचं आणि तेही दाणा जुना की नवा ते बघून. गेल्या पंधरा वर्षांतलं या क्षेत्रातलं निम्मं संशोधन हे बोटाचं पेर मोजण्याचंच आहे.

निम्मं म्हटलं, कारण उरलेलं गंधकाला घरात कोंडण्याचं आहे. गंधकाच्या बॅटरीचं पेटंट १९६२ सालचं, हर्बर्ट आणि उलाम यांचं. पण खरी जाग आली ती २००९ मध्ये. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सूक्ष्म भोकांच्या कार्बनमध्ये वितळलेला गंधक भरून दाखवला आणि सेल चांगला चालला. त्यानंतर जो उठला तो नवा कार्बन करू लागला. मीही केला. द्रवाकडे लक्ष उशिरा गेलं, कारण द्रव फोटोत छान दिसत नाही.

आणि पाणी बदलायचं म्हणाल, तर हा सेल कायमचा सीलबंद असतो. लिथियम स्वतःच तो द्रव हळूहळू खात असतं. संपला की संपला, वरून घालता येत नाही.

तुमच्या गोणीबद्दल: आज मिळणारा बहुतेक गंधक जमिनीतून खणलेला नसतो, तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना निघालेला असतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या पेट्रोल-डिझेलमध्ये दहा लाख भागांत दहाच भाग गंधक चालतो. काढलेला जातो कुठे? खतात, साखर कारखान्यात, तुमच्या बागेत. तेव्हा गंधक खरोखरच अडलेला नाही.

मागच्या अंकात आपण या बॅटरीत ‘किलोला २,६०० वॉट-तास’ असे लिहून पुढच्याच ओळीत आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलचे २५० सांगितले. म्हणजे दहापट. एका ऑस्ट्रेलियन बातमीत मात्र मोबाइल पाच दिवस चालेल एवढेच होते. विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते तर मी अर्धा गुण कापला असता.
— निवृत्त शिक्षक, चिपळूण

सर, पूर्ण कापा. चूक माझी. २,६०० हा आकडा धरताना फक्त लिथियम आणि गंधक तराजूत टाकलेले असतात. २५० हा आकडा द्रव, पडदा, धातूचे पत्रे, वेष्टन असं सगळं धरून तयार सेलचा. आंब्याच्या रसाची पेटीबंद आंब्यांशी तुलना केली मी.

खरा हिशेब तुम्हीच मांडून बघा. एक ग्रॅम गंधक घ्या. कागदावर त्यातून १,६७५ मिलीअँपिअर-तास मिळतात, प्रत्यक्षात १,२०० मिळाले तर आम्ही पेढे वाटतो. सरासरी व्होल्टेज २.१. गुणाकार करा: सुमारे २.५ वॉट-तास. आता प्रयोगशाळेतल्या नाण्याएवढ्या सेलमध्ये एका मिलिग्रॅम गंधकाला दहा, कधी वीस मायक्रोलिटर द्रव सर्रास घालतात. दहाच धरा. ग्रॅमला दहा मिलिलिटर, वजन साधारण ११ ग्रॅम. गंधक आणि द्रव मिळून १२ ग्रॅम, त्यात अडीच वॉट-तास, म्हणजे किलोला सुमारे २१०. लिथियम, कार्बन, पत्रे अजून धरलेच नाहीत आणि आपण लिथियम-आयनच्या खाली आलो!

द्रव तीन मिलिलिटरवर आणा. दोघांचं वजन ४.३ ग्रॅम, किलोला ५८०. बाकीचं सामान घातल्यावर साडेतीनशे-चारशे उरतील. तिथे खरी गंमत सुरू होते. पण द्रव तीनवर आणला की तोच सेल वेगळा वागतो. पॉलिसल्फाइड इतके दाट होतात की द्रवाचा पाक होतो, आयन त्यातून सरकत नाहीत, लिथियम उरलेला द्रव भराभर खातं. ग्रॅमला दहा मिलिलिटरच्या हिशेबाने पाचशे वेळा भरून-उतरवून चाललेला माझा एक सेल तीनवर चाळीस-पन्नास फेऱ्यांत मेला. त्या पाचशे फेऱ्यांचा आलेख मी परिषदेत मिरवला होता. दुसरा आलेख खणात राहिला. आता सांगते आहे.

म्हणून यापुढे ‘इतके हजार सायकल’ अशी बातमी दिसली की मी पहिल्यांदा एकच आकडा शोधते: मिलिग्रॅम गंधकाला द्रव किती? तो दिलाच नसेल तर चहा पिते आणि पुढचं पान उलटते.

पाच दिवसांची बातमी २०२० ची, मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाची. तिथे महदोख्त शैबानी आणि मैनाक मजुमदार यांच्या गटाने काम केलं होतं ते द्रवावर नव्हे, बाइंडरवर, म्हणजे गंधक-कार्बनच्या कणांना धरून ठेवणाऱ्या गोंदावर. लिथियम शिरलं की गंधक सुमारे ८० टक्के फुगतो, मग थर तडकतो. त्यांनी गोंद जरा विरळ वापरला, फुगायला जागा ठेवली. काम उत्तम. ‘पाच दिवस’ ही त्यावरची बातमीची फोडणी.

आणि वजनाची ही शर्यत प्रत्यक्ष जिंकलेलीही आहे, बरं का. जुलै २०१० मध्ये झेफिर नावाचं बिनमाणसाचं विमान अमेरिकेत ॲरिझोनावर सलग चौदा दिवस उडत राहिलं. दिवसा सौर पट्ट्यांवर, रात्री लिथियम-सल्फर बॅटरीवर. तिथे हजार फेऱ्या नको होत्या, ग्रॅम वाचवायचे होते.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट लिथियम-सल्फरवर आहे. (१) लिथियम-आयनचं तयार इलेक्ट्रोलाइट का चालत नाही? (२) प्रत्येक पेपरात लिथियम नायट्रेट का असतं? (३) ड्रेक्सेलच्या गटाने तर कार्बोनेटमध्येच ४,००० सायकल केल्या!
— केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कऱ्हाड

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण त्यातच पहिल्याचं उत्तर आहे. बाजारातल्या लिथियम-आयनमध्ये कार्बोनेट विद्रावक असतात. पॉलिसल्फाइड हे कडवे केंद्रकस्नेही, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन दुसऱ्या रेणूला जाऊन भिडणारे. ते कार्बोनेटच्या रेणूवर तुटून पडतात, दोघंही नासतात आणि सेल पहिल्या एक-दोन फेऱ्यांत आटोपतो. म्हणून ईथर. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात विभा कालरा यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं ते वेगळंच: कार्बनच्या तंतूंमध्ये गंधकाचं एक एरवी न टिकणारं स्फटिकरूप टिकून राहिलं, ते थेट लिथियम सल्फाइडमध्ये बदलतं, मधल्या विरघळणाऱ्या साखळ्या येतच नाहीत. साखळ्या नाहीत तर कार्बोनेटशी भांडणार कोण? हे त्यांना अपघाताने सापडलं. मला असे अपघात का झाले नाहीत, हा स्वतंत्र प्रश्न.

आता नायट्रेट. दुधावर साय धरते तशी लिथियमवर, द्रवाशी झालेल्या झटापटीतून, एक पातळ साय धरते. ती चांगली असेल तर आतलं लिथियम वाचतं. नायट्रेट स्वतः तुटून ती साय घट्ट करतं, मग पॉलिसल्फाइड आले तरी त्यांना लिथियमचा स्पर्श होत नाही. माझा तो गळका रांजण दोन टक्के नायट्रेटने एका रात्रीत बुजला. इस्राएलमधल्या डोरॉन ऑरबाख यांच्या गटाने २००९ मध्ये या सायीचं रसायन उलगडून दाखवलं, ते आधी वाच. पण नायट्रेट हा खर्चायचा पैसा आहे. दर फेरीला लिथियम फुगतं-आकसतं, साय फाटते, नवी धरायला नायट्रेट जातं. शिवाय सेल १.६ व्होल्टच्या खाली उतरवलास तर गंधकाच्या बाजूलाही ते तुटून वाया जातं. १.७ किंवा १.८ ला थांब.

आता नवीन काय, तर मीठ वाढवणं. २०१३ मध्ये चिनी गटाने लिटरला सात मोलपर्यंत मीठ घातलं. विद्रावकाचे सगळे रेणू लिथियमला धरण्यात गुंतले, पॉलिसल्फाइडला विरघळवायला कुणी मोकळं राहिलं नाही. युक्ती झकास, पण द्रव मधासारखा झाला आणि ते मीठ महाग. म्हणून पुढची पायरी: दाट मिश्रणात एक फ्लोरिनवालं ईथर मिसळायचं. ते स्वतः काहीच विरघळवत नाही, फक्त पातळ करतं. पाहुण्यांच्या गर्दीत न जेवता नुसतं वाढणारं माणूस. माझ्या मते द्रवांमध्ये हाच रस्ता सर्वांत सरळ आहे. कमी द्रवातही तग धरतो, पेटही सहजी घेत नाही. खटकतं ते फ्लोरिन. ही संयुगं निसर्गात तुटत नाहीत, युरोपीय संघात २०२३ पासून अशा रसायनांवर सरसकट बंधनाचा प्रस्ताव पुढे आहे. कारखाना उभारून विद्रावकावरच बंदी आली तर?

प्रोजेक्टसाठी एक फुकटचा सल्ला. सेल बांधण्याआधी काचेच्या छोट्या कुप्यांत निरनिराळ्या विद्रावकांत गंधक आणि लिथियम सल्फाइड ढवळून ठेव (ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या आर्गॉनच्या पेटीत, बाहेर नाही). ईथरमध्ये लालसर तपकिरी, विरळ केलं की पिवळं. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये घातलंस तर गडद निळं! तीन गंधकांचा एक मूलक (रॅडिकल) तो रंग देतो, तोच लाजवर्द खड्यातही असतो. कोणता द्रव किती विरघळवतो हे डोळ्यांना दिसतं, आणि परीक्षकांना रंग आवडतात.

आमच्या पुस्तकात धनाग्र म्हणजे ॲनोड. मग बॅटरीचा ॲनोड ऋण का असतो?
— इयत्ता नववी, लातूर

कारण मराठी नाव पडलं ते विद्युत अपघटनावरून, तिथे ॲनोड धन असतो. वीज देणाऱ्या बॅटरीत ॲनोड म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारी बाजू, आणि ती ऋण. बाळा, मीसुद्धा अकरा वर्षं ‘लिथियमची बाजू’ आणि ‘गंधकाची बाजू’ असंच म्हणत आले. परीक्षेत मात्र पुस्तकातलं लिही.

मुलाला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची आहे. आगीच्या बातम्यांमुळे मी थांबवून ठेवलंय. गंधकाच्या बॅटऱ्या जास्त सुरक्षित असतील तर वाट बघावी का? शिवाय आमचे सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये चार्जिंगच करू देत नाहीत.
— गृहिणी, डोंबिवली

ताई, ‘जास्त सुरक्षित’ हे विधान अर्धं खरं आहे. खरा अर्धा भाग असा: निकेल-कोबाल्टच्या ऑक्साइडवाल्या बॅटऱ्या फार तापल्या की त्यांच्यातूनच ऑक्सिजन सुटतो आणि आगीला आतून हवा मिळते. गंधकाच्या बाजूला तो धोका नाही.

उरलेला अर्धा भाग द्रवाचा आणि लिथियमचा. आजच्या बॅटरीतल्या डायमिथाइल कार्बोनेटच्या वाफेला साधारण १७ अंशांपासून ठिणगी पेटवू शकते. डायमेथॉक्सीईथेनचा तोच आकडा उणे २. म्हणजे निफाडचा पारा पाचवर गेला तरी ती वाफ पेट घ्यायला तयार. त्यात इथे शुद्ध लिथियमचा पत्रा असतो, आणि चार्जिंगमध्ये लिथियम सपाट न बसता काट्यांसारखं वाढतं. काटा पडदा भोसकून पलीकडे टेकला की शॉर्टसर्किट. १९८९ मध्ये कॅनडाच्या मोली एनर्जीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्यांनी जपानमध्ये मोबाइल फोनना आगी लागल्या आणि सगळा माल परत बोलवावा लागला. त्यांच्यात गंधक नव्हता, मॉलिब्डेनम सल्फाइड होतं. काटे मात्र लिथियमचेच. आणि गंधकही काही साधू नाही, तापला तर जळतो आणि ठसका लावणारा सल्फर डायऑक्साइड देतो.

म्हणून सुरक्षिततेसाठीही सगळी भिस्त द्रवावरच. टेट्राग्लाइम नावाचं लांब ईथर घेतलं तर पेटण्याचा आकडा उणे २ वरून १४१ अंशांवर जातो, पण ते घट्ट, आयन रेंगाळतात. फ्लोरिनवाल्यांचं वर सांगितलं. तिसरा रस्ता द्रवच काढून टाकायचा, घन इलेक्ट्रोलाइट घालायचं. २०११ मध्ये जपानी गटाला लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधकाचं एक संयुग मिळालं, त्यातून आयन द्रवाच्या वेगाने धावतात. पॉलिसल्फाइड विरघळायचा प्रश्नच मिटला. पण मग निफाडच्या भाऊंना सांगितलेला कोरडा साबुदाणा परत आला: गंधक, कार्बन आणि घन इलेक्ट्रोलाइट यांचे कण एकमेकांना चिकटून राहिले पाहिजेत, आणि गंधक तर फुगतो-आकसतो. शिवाय त्या संयुगालाही दमट हवा लागली की तोच सडक्या अंड्याचा वायू. मुंबईच्या जुलैत असा कारखाना चालवायचा म्हणजे हवा कोरडी करण्याचंच बिल बघा.

स्कूटरसाठी आणखी एक गोष्ट. ही बॅटरी हलकी होईल, लहान होणार नाही. गंधक आणि सच्छिद्र कार्बन जागा खातात. विमानाला वजन सलतं, स्कूटरला सीटखालची जागा.

तेव्हा वाट बघू नका. मुलाला एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची गाडी बघायला सांगा. ती थोडी जड असते, पण तापल्यावर सहजी ऑक्सिजन सोडत नाही. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरायचा. उन्हातून आलेली गाडी अर्धा तास सावलीत निवू द्यायची, मग चार्जिंगला. बॅटरी फुगली, वास आला किंवा गाडी पाण्यात बुडून निघाली, तर चार्जिंग बंद आणि थेट सर्व्हिस सेंटर. रात्रभर जिन्याखाली किंवा दारासमोरच्या पॅसेजमध्ये चार्जिंग नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. सेक्रेटरींचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. पण त्यांनी जिन्यापासून दूर, उघड्या जागेत, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग असलेला पॉइंट काढून द्यावा. बंदी घातली की लोक बॅटरी काढून वर स्वयंपाकघरात नेतात आणि गॅसच्या शेजारी लावतात. माझ्या बिल्डिंगमध्ये तेच झालं होतं. हे कात्रण त्यांना दाखवलंत तरी माझी हरकत नाही.